आधी चहा

आण्णा गेल्यावर त्यांच्या वस्तूंची वाटणी अशी कुणी केली नाही. आईनं चष्मा आणि रेडिओ स्वतःजवळ ठेवला, धम्मपालकाकांनी लोकरी कोट नेला, सुमेधनं मोठी बॅटरी नेली. त्यांची मुलगी आम्रपाली सांगलीला परतताना काय घेऊन चालली आहे, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पिवळं गॅस मीटर उचललं आणि पर्समध्ये टाकलं. मुठीत मावेल एवढं, हवेतले वायू मोजणारं यंत्र. विश्रामबागच्या तिच्या घरी ते पुस्तकांच्या कपाटात, दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये जाऊन बसलं. धूळ झटकताना ती ते उचलायची, पुसायची आणि परत ठेवायची. चालू कधी केलं नाही.

चैत्रातल्या एका संध्याकाळी सुमेधचा फोन आला. धम्मपालकाकांचा हा मुलगा आता रान बघत होता. विहिरीत गाळ साचला आहे, मोटर अडकते आहे, रविवारी दोन गडी सांगितले आहेत, असं त्यानं सांगितलं. जाता जाता सांगावं तसं.

"मीटर घेऊन येऊ का?" तिनं विचारलं.

"आण, तुला आणायचं तर. तसा आधी हिरीत कंदील सोडतोच की आमी."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ शब्दकोशांकडं बघत बसली. आण्णा असते तर 'आणायचं तर' हे शब्द त्या घरात उच्चारले गेले नसते. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि हवा मोजल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही हा त्यांचा नियम 'वाटलं तर' वर येऊन ठेपला होता. तो आणखी सैल झाला तर एखाद्या रविवारी विहिरीत कोण उतरेल आणि वर कोण येईल, हे तिला नीट ठाऊक होतं. ठाऊक होतं कारण आण्णांनी ते तिला सांगितलं होतं.

आजोबांनी दीक्षा घेतली त्याआधी जन्मले ते आकाराम, म्हणजे आण्णा. नंतर जन्मले ते धम्मपाल. नावांतच घराचा इतिहास होता. आकाराम कराडला इंजिनं शिकले आणि थेट समुद्रावर गेले. मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून उभी हयात काढली. पगारातून कोरेगावच्या पुढं रान घेतलं, आणि त्या रानात पहिली कुदळ मारली ती विहिरीसाठी. पाणी लागलं त्या दिवशी त्यांची आई, बाळाबाई, काठावर येऊन बसली. कळशी भरून घे म्हटलं तरी उठेना. "बघू द्या की जरा," एवढंच म्हणाली. दुसऱ्यांच्या आडापाशी, कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल म्हणून तिनं किती उन्हं डोक्यावर घेतली होती, त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण विहिरीचा कठडा दर दिवाळीला घराच्या आधी रंगवला जाई.

त्याच विहिरीच्या कठड्यावर बसून आण्णांनी आम्रपालीला टाकीची गोष्ट सांगितली होती. ती तेव्हा कॉलेजात होती, आणि सुट्टीवर आलेल्या वडलांशी काय बोलावं हे नुकतं शिकत होती.

आण्णा सेकंड इंजिनिअर असताना त्यांच्या जहाजावर समुद्राचं पाणी भरायची एक टाकी कित्येक महिने बंद होती. ती तपासायला एक खलाशी आत उतरला आणि शिडीच्या पायथ्याशी बसला. दमलेला माणूस बसतो तसा. हाक मारली, उत्तर नाही. त्याचा जोडीदार त्याला आणायला उतरला आणि त्याच्या शेजारी बसला. तिसरे आण्णा. त्यांचा एक पाय आत गेलाच होता, तेवढ्यात म्हाताऱ्या सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. आण्णांनी त्याला कोपरं मारली, शिव्या दिल्या, तो सुटला नाही. बंद टाकीत लोखंड गंजतं आणि गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. ना वास, ना रंग. खालच्या दोघांना वर काढलं तेव्हा त्यांचे चेहरे झोपल्यासारखे होते.

"सारंग म्हणाला, साहेब, तोंडाशी एकानं उभं राहायचंच असतं," आण्णांनी सांगितलं होतं. "सगळेच उतरले तर हाक कोण मारणार?"

पुढं काही वर्षांनी जगभरच्या जहाजांना सुरक्षेची एकच नियमावली लागू झाली. कुठल्याही बंद जागेत शिरण्याआधी हवा तपासायची, लेखी परवानगी घ्यायची, तोंडाशी माणूस उभा करायचा. अपघात झाला तर कळवायचंच, पण होता होता राहिला तरी कळवायचं. आण्णा तेव्हा चीफ इंजिनिअर झाले होते आणि त्यांनी या सगळ्याची मनसोक्त टिंगल केली. एवढ्या फायली चढवल्यावर जहाज माल कुठं ठेवणार, असं त्यांनी घरच्या पत्रातही लिहिलं होतं.

मग एके दिवशी टाकीत विसरलेला पाना आणायला ते स्वतःच उतरले. कुणाला न सांगता. हवा तपासली नाही, तोंडाशी कुणी नाही. दोन मिनिटांचं तर काम. पाना घेऊन वर आले, हात पुसले, कुणी पाहिलं नव्हतं. पण जेवण गेलं नाही. ज्या माणसाला सारंगानं कमरेला धरून वाचवलं, तोच माणूस पान्यासाठी आत गेला होता. दुसऱ्या दिवशी ते कॅप्टनच्या खोलीत गेले आणि आता आपली शोभा होणार अशा तयारीनं उभे राहिले. कॅप्टन केरळचे होते. त्यांनी ऐकायलाच सुरुवात केली नाही. आपल्या किटलीतून कपभर चहा ओतला, आण्णांच्या पुढं ठेवला, त्यांचा तो पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "आता सांगा. कोण चुकलं ते नको. कसं झालं ते."

तो कप आण्णा घरी घेऊन आले. म्हणजे कप नव्हे, ती रीत. त्यांच्या घरात जो कुणी येऊन सांगेल की अमुक होता होता राहिलं, त्याला आधी चहा. तो पिऊन होईपर्यंत कुणी कपाळाला आठी घालायची नाही. मग कसं झालं ते ऐकायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं तेवढंच बोलायचं. दहावीत असताना आम्रपाली गॅसचं बटण उघडं ठेवून क्लासला गेली होती, तेव्हा तिला चहा मिळाला होता. धम्मपालकाका उताराला लावलेल्या ट्रॅक्टरचा ब्रेक विसरले होते, त्यांना मिळाला होता. आईला तर इतक्यांदा मिळाला की ती म्हणायची, मला चहा आवडतो म्हणून तर नव्हे ना हे. भावकीत चेष्टा व्हायची. आकारामाच्या घरी चूक करा आणि चहाला बसा. पण त्या घरात कुणी काही लपवत नसे, हेही भावकीला ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर आण्णांनी स्वतःसाठी एवढी एकच चैन केली, हे पिवळं मीटर. आणि जहाजावरच्या शिस्तीनं ते दर वर्षी तपासून घ्यायला सांगलीजवळच्या कुपवाडला आणू लागले. साताऱ्यात होत नाही का हे, असं आम्रपालीनं एकदाच विचारलं. "होत असंल," ते म्हणाले आणि विषय बदलला. कोरेगावला सकाळच्या गाडीत बसायचे, सांगली स्टेशनवर उतरायचे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मीटर. ती स्कूटर घेऊन बाहेर उभी असायची. मागं बसून ते तिच्या गाडी चालवण्यावर देखरेख करायचे, प्रत्येक वळणाला हळूच म्हणायचे, "दिसतंय मला, दिसतंय." परतीला भडंगाचा पुडा घ्यायचे, आईसाठी म्हणून, आणि स्टेशनच्या बाकावर दोघं मिळून तो निम्मा संपवायची. लहानपणी ज्या माणसाची तिनं नुसती वाट पाहिली, तो वर्षातला एक आख्खा दिवस तिच्या स्कूटरवर मागं बसलेला असायचा. मीटरला तपासणीची गरज होती, हे खरं. दोघांनाही होती.

सुमेधच्या फोननंतर ती शिकवायची त्या कॉलेजात रजा टाकून कुपवाडला गेली. स्कूटर हलकी वाटत होती. औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात चौगुले मापाची यंत्रं तपासून द्यायचे. दाबाची घड्याळं, वजनकाटे, असली मीटरं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, तिच्या मागं पाहिलं, आणि मीटरसाठी हात पुढं केला. मीटरला सिलिंडरची नळी लावली, बटण दाबलं. गाळ्यात मीटरच्या इशाऱ्याची ती तीक्ष्ण किणकिण घुमली. आम्रपालीनं ती किती तरी महिन्यांनी ऐकली.

"प्राणवायू मोजणारा डोळा गेलाय, बदलतो," चौगुले म्हणाले. "बाकीचे ठणठणीत आहेत. नीट सांभाळलं होतं." मग नवी चिकटपट्टी लावायला त्यांनी मीटर उलटं केलं. पाठीवर आण्णांच्या साऱ्या वर्षांच्या पट्ट्या एकावर एक बसल्या होत्या. चौगुल्यांनी खरडायला पातं उचललं, तिच्याकडं बघितलं आणि खाली ठेवलं. नवी पट्टी त्यांनी वरूनच लावली. "नाव कुणाचं घालू?"

"माझं घाला," ती म्हणाली.

रविवारी ती पोचली तेव्हा उन्हं अजून तापली नव्हती. काका कठड्यापाशी कंदील पुसत बसले होते. अंगात उन्हाळ्यातही आण्णांचा कोट. "जय भीम, काका," म्हणत तिनं पर्स खाली ठेवली. काकांनी जय भीम केला आणि कंदिलाची काच बसवली. विहिरीवर गाळाच्या पाट्या ओढायची यारी उभी होती, तिचा दोर खाली लोंबत होता. दोन गडी पायऱ्यांवर तंबाखू मळत होते. पलीकडं शेडच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. पाणी बरंच उतरलं होतं, तळाशी काळा गाळ चमकत होता.

काकांनी कंदील सोडला. तो तळापर्यंत गेला, तिथं नीट जळत राहिला, जळतच वर आला. "झालं," काका म्हणाले. "आता उतरा रं."

"काका, मीटर सोडायचंय."

"आमू, ज्योत हलली का? न्हाई. मग?"

कंदील विझतो तो प्राणवायू कमी असला तर. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू ज्योतीला काही करत नाही, माणसाला करतो. हे आण्णांनी याच काठावर दहादा सांगितलं होतं आणि काकांनी दहादा मान डोलावली होती. तिनं ते पुन्हा सांगितलं नाही. मीटर दोराला बांधलं आणि सोडलं. एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "हिरीला ताप आलाय का बघत्यात." सगळे हसले, तीही हसली. सुमेध तेवढा हसला नाही. तो ताडपत्रीकडं बघत होता.

मीटर गप्प राहिलं. काकांनी हात उडवले. दोर वर ओढल्यावर तिनं बटण दाबलं. खाली दिसलेला सगळ्यात मोठा आकडा ते मीटर धरून ठेवत असे. प्राणवायू भरपूर होता. दुसऱ्या, धुरातल्या विषारी वायूच्या रकान्यात, जिथं शून्य असायला हवं होतं, तिथं अठ्ठावीस. किणकिणायला पस्तीस लागतात.

"वाजलं का? न्हाई," काका म्हणाले. "तुझ्या बापाचं मशीनसुदिक उतरा म्हणतंय."

गडी उठून उभे राहिले. एकानं दोर कमरेला बांधायला घेतला. आम्रपालीनं मीटर पुन्हा डोळ्यांपुढं धरलं. आकडा लहान आहे हे तिला दिसत होतं. पण आण्णा आकड्याला कधीच लहानमोठा म्हणत नसत. तो आला कुठून, एवढंच विचारत. मोकळ्या रानातल्या विहिरीत तो वायू आपोआप उगवत नाही. कुणीतरी तिथं काहीतरी जाळलं होतं.

तिनं सुमेधकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. तिला एकदम राग आला, वडील गेल्यावर कुणाचा तरी यावा आणि कुणाचाच येऊ नये तसला. ताडपत्री काय झाकते आहे ते तिला कळलं होतं. चार पावलं टाकून ती ओढून काढता आली असती. काकांनी चारचौघांत त्याला फाडून खाल्लं असतं, आणि पुढच्या वेळी सुमेधनं फोनच केला नसता.

"सुमेध," ती म्हणाली, "चहा घेणार?"

काकांचा हात कंदिलावरच थांबला. गड्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, चहा येतोय. सुमेधनं मात्र मान वर केली. त्याचे डोळे एकदम लहानपणीसारखे झाले. शेडमध्ये आईनं थर्मास भरून ठेवला होता. आम्रपालीनं स्वतः कप भरला, त्याच्या हातात दिला आणि विहिरीकडं तोंड करून उभी राहिली. काका बोलायला गेले होते, पण त्यांनी तोंड मिटलं. कोटाच्या बाह्या सारख्या करत बसले.

कप रिकामा झाल्यावर सुमेध बोलला. "ह्या आठवड्यात लाइट रातची हाय. दिवसा मोटर चालना. पाणी तर झिरपतंयच. म्हणून काल डिझेल इंजिन सोडलं."

"कुठं सोडलं?"

"आतल्या टप्प्यावर. वरनं पाणी ओढंना ते. संध्याकाळपातूर चालवलं. तू येणार म्हणून काढून ठेवलं." तो थांबला. "तुझं मीटर झालं की परत सोडणार हुतो. माणसं गाळ काढत्यात तवर पाणी उपसायला."

माणसं आत असताना. ते शब्द त्यालाही आत्ताच ऐकू आल्यासारखे वाटले. ज्या गड्यानं तापाचा विनोद केला होता त्यानं कमरेचा दोर सोडला आणि तो पायऱ्यांवर बसला. कालच्या धुराचं उरलंसुरलं अठ्ठावीस होतं. इंजिन चालू असताना काय झालं असतं, ते आता सगळ्यांना कळलं होतं.

काकांच्या मानेची शीर ताठ झाली होती. आम्रपालीला वाटलं, आता सुटणार हे. काका उठले, सुमेधपाशी गेले, त्याच्या हातातला कप घेतला आणि थर्मासातून पुन्हा भरला.

"मग आता कसं करायचं ते बोल," ते म्हणाले.

ठरलं ते साधंच. आज उतरायचं नाही. रात्री वीज आली की पाणी विजेच्या मोटरीनं उपसायचं आणि पहाट फुटल्यावर, झरे भरायच्या आत, गाळ काढायचा. गड्यांनी कुरकूर केली, उद्या दुसरीकडं जायचं आहे म्हणाले. मग त्यातलाच एक म्हणाला, सांगतो तिकडं उद्या न्हाई म्हणून. सुमेधनं शेडच्या माळ्यावरून आण्णांचा पंखा आणि ताडपत्रीची शिवलेली लांब नळी काढली. जहाजावर पाहिली होती तशी त्यांनी ती स्वतः शिवली होती, वाकड्या टाक्यांनी. दिवसाच्या सिंगल फेज विजेवर मोटर चालत नसली तरी पंखा चालत होता. नळी फुगली, तळापर्यंत गेली, आणि दिवसभर विहिरीत वारा जात राहिला. आम्रपालीनं कॉलेजात आणखी एका दिवसाची रजा कळवली.

सोमवारी उजाडताना तिनं मीटर सोडलं. दोर ओढून आकडा बघितला. मग काकांना दाखवला, काकांनी सुमेधला, सुमेधनं गड्यांना. शून्य.

सुमेध दोर बांधून पहिला उतरला. मग गडी. काका यारीला गेले. काठाशी कुणी उभं राहायचं, हे कुणी विचारलं नाही. ती तिथंच होती.

तिथं करण्यासारखं काही नव्हतं. हलायचं नाही, कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत, काही झालं तरी आपण उतरायचं नाही. दवाखान्यातल्या काचेच्या दाराबाहेर ती अशीच एक आख्खी दुपार उभी होती. आत जाऊ देत नव्हते. आण्णा पडद्याआड होते, आणि आपण काहीच करत नाही, नुसतं उभं आहोत, ही गोष्ट तिच्या छातीत त्या दिवसापासून तशीच अडकून राहिली होती. त्या उभं राहण्याला तिनं आजवर काही नाव दिलं नव्हतं. आता विहिरीच्या तोंडाशी, गार कठड्यावर दोन्ही हात टेकून उभी असताना तिला सारंगाचं बोलणं आठवलं. तोंडाशी एकानं उभं राहायचंच असतं. आतल्याला ते दिसत नसेल. पण दाराशी कुणी उभं आहे, हे आण्णांना ठाऊक असणार. जगात आणखी कुणाला ठाऊक नसलं तरी त्यांना.

पहिल्या पाट्या वर आल्या. गाळाचा गार, जुना वास सुटला. खाली फावड्यांचा आवाज चालू होता, मग तो मधेच थांबला. ती कठड्यावरून वाकली.

"हाय का?" तिनं हाक दिली. आण्णा द्यायचे तशी, त्यांच्याच बोलीत. कॉलेजात ती असं कधी बोलत नसे.

विहिरीनं तो आवाज थोडा वेळ आत ठेवला.

"हाय," खालून सुमेध म्हणाला. "हाय, आक्का." आणि फावडी पुन्हा सुरू झाली.